लपवलेला लेयर जातो कुठे?



आजचा विषय ऐकायला थोडा रुक्ष वाटेल, पण ज्यांच्या घरात किंवा गल्लीत छपाईचं छोटं काम चालतं त्यांना तो लगेच कळेल. नाव छापलेला मग, दारावरची पाटी, फोटोफ्रेम, टी-शर्ट, समारंभात द्यायचं स्मृतिचिन्ह, या सगळ्या वस्तू आता ऑनलाइन विकल्या जातात. ग्राहक मोबाइलवर स्वतःचं नाव टाइप करतो, फोटो टाकतो, रंग निवडतो आणि समोर वस्तूचं चित्र तयार होतं. ते चित्र एकसंध दिसत असलं तरी आत अनेक थर असतात. सगळे त्यांना लेयरच म्हणतात, मीही तेच म्हणेन. त्यातला कोणता लेयर कोणाला दिसावा, कधी दिसावा आणि छपाईच्या वेळी त्याचं काय व्हावं, एवढ्यावरच आज बोलणार आहे.

मी प्रोग्रामर नाही. सैन्यातून निवृत्त झाल्यावर, माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांनी सुरू केलेल्या छोट्या उद्योगांना कामाची पद्धत बसवून द्यायला मी मदत करतो. त्यांतले बरेच जण पाट्या, ट्रॉफ्या आणि स्मृतिचिन्हं बनवतात. कोणी बेळगावला आहे, कोणी महूला, कोणी बडोद्याला. गाव कुठलंही असो, फोनवर तक्रार एकच असते: "सर, पडद्यावर बरोबर होतं, छापून मात्र भलतंच आलं."

या धंद्यात चूक महाग पडते, कारण ती दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. साधा पांढरा मग परत आला तर तो पुसून पुन्हा फळीवर ठेवता येतो. "प्रिय आजीस, ७५ वा वाढदिवस" असं छापलेला मग परत आला तर तो भंगारात जातो. शिवाय वाढदिवस पुढे ढकलता येत नाही. म्हणून जी काही काळजी घ्यायची ती छपाईच्या आधीच घ्यावी लागते.

सैन्यात नकाशावर काम करताना आम्ही नकाशावर थेट काही लिहीत नसू. त्यावर पारदर्शक टाल्क ठेवायचं आणि त्यावर चायनाग्राफ पेन्सिलीने खुणा करायच्या. आपल्या तुकड्या एका टाल्कवर, शत्रूची माहिती दुसऱ्यावर, सुरुंग पेरलेली जागा तिसऱ्यावर, रसदीचे रस्ते चौथ्यावर. ज्याला जेवढं हवं तेवढीच टाल्कं त्याच्यासमोर. हीच लेयरची कल्पना आहे. पण तिथे एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवली जायची: सुरुंगांचं टाल्क उचलून बाजूला ठेवलं म्हणजे जमिनीतले सुरुंग नाहीसे होत नाहीत. लेयरच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवायचं. लपवणं आणि काढून टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संगणकावर लेयरसमोर डोळ्याचं चिन्ह असतं. डोळा उघडा म्हणजे लेयर दिसतो, मिटला की दिसत नाही. फोटोशॉपमध्ये १९९४ पासून लेयर आहेत, त्यामुळे हा डोळा आपल्या डिझाइनर मुलांच्या हाताखालचा आहे. अडचण अशी की आपण त्या एका डोळ्याकडून तीन प्रश्नांची उत्तरं मागतो. हा लेयर दिसतो कोणाला? बदलता येतो कोणाला? आणि मशीनकडे जातो का? हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर लागतं.

आपल्याकडे फ्लेक्स आणि पाटीच्या दुकानांत कोरलड्रॉ सर्रास वापरतात. त्यात ही समज आधीपासून आहे. लेयरसमोर तीन चिन्हं दिसतात: डोळा, प्रिंटर आणि पेन्सिल. नव्या आवृत्त्यांत पेन्सिलीच्या जागी कुलूप आहे. डोळा म्हणजे दिसणं, प्रिंटर म्हणजे छापणं, पेन्सिल किंवा कुलूप म्हणजे बदलण्याची परवानगी. पण त्याच दुकानदाराने ऑनलाइन डिझाइनची सोय घेतली की बहुतेक वेळा त्याच्या हाती एकच डोळा येतो, आणि बाकीचे दोन प्रश्न तसेच राहतात.

आता दिसणं आणि छापणं हे दोनच प्रश्न घेऊ. त्यातून लेयरचे चार प्रकार होतात. पारदर्शक ॲक्रिलिकची नावाची पाटी डोळ्यासमोर ठेवा.

पहिला प्रकार, दिसतो आणि छापलाही जातो. घराचं नाव, माणसांची नावं, नक्षी. इथे गोंधळ नाही.

दुसरा प्रकार, दिसतो पण छापायचा नाही. पाटीच्या कडेला आतून आखलेली तुटक रेघ, "अक्षरं या रेषेच्या आत ठेवा" सांगणारी. पाटीमागे दाखवलेली भिंत आणि सावली. मगच्या चित्रातला कान. चित्रावर आडवा लिहिलेला "नमुना" हा शब्द. आणि सगळ्यात धोकादायक म्हणजे "तुमचं नाव इथे लिहा" ही फिकट अक्षरं. ग्राहकाने रकाना रिकामा सोडला तर ही ओळ छापून घरपोच जाते. असे मग आणि टी-शर्ट मी स्वतः हातात घेतले आहेत. सूचना म्हणून लिहिलेला मजकूर हा कधीही छपाईचा मजकूर नसावा, ग्राहकाने काहीच लिहिलं नाही तरीही.

तिसरा प्रकार, दिसत नाही पण मशीनला लागतो. पारदर्शक ॲक्रिलिकवर रंग तसाच छापला तर तो फिका आणि आरपार दिसतो. म्हणून यूव्ही छपाईत रंगाला पांढऱ्या शाईचा आधार देतात. त्या पांढऱ्या शाईचा स्वतंत्र लेयर असतो. ग्राहकाला तो दाखवायची गरज नाही, पण तो गेला नाही तर पाटी वाया. लेझरने कापायची रेघही याच प्रकारातली. कोणीतरी फाइल नीटनेटकी करताना "हे लपवलेलं आहे, म्हणजे नको असलेलं असेल" म्हणून असा लेयर पुसून टाकतो आणि पन्नास पाट्या न कापताच राहतात.

चौथा प्रकार, दिसतही नाही आणि छापायचाही नाही. ग्राहकाने न निवडलेले पर्याय, डिझाइनरच्या टिपा, जुना मजकूर. हे छपाईच्या फाइलमध्ये असण्याचं कारणच नाही.

तिसरा आणि चौथा प्रकार पडद्यावर अगदी सारखे दिसतात, म्हणजे दोन्ही दिसत नाहीत. एकाला सांभाळायचं असतं आणि दुसऱ्याला घालवायचं असतं. डोळ्याच्या एका चिन्हावर काम चालवणाऱ्याला हा फरक कळायला मार्गच नाही.

हे केवळ शाईचं आणि ॲक्रिलिकचं नुकसान असतं तर मी इतका वेळ घेतला नसता. आमच्या कोर्समेट मंडळींच्या एका संमेलनासाठी स्मृतिचिन्हं मागवली होती. ऑनलाइन दुकान, तयार साचा, त्यात नाव, सेवेची वर्षं आणि खाली "पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा" अशा अर्थाची इंग्रजी ओळ. आमच्यातले पाच जण आता हयात नाहीत. त्यांच्या पत्नींना आग्रहाने बोलावलं होतं. ज्या मित्राने ऑर्डर दिली तो काटेकोर माणूस. त्याने त्या पाच स्मृतिचिन्हांसाठी शुभेच्छांची ओळ बंद केली, पडद्यावर ती गेली, त्याने पाचही चित्रं जपून ठेवली. संमेलनाच्या आदल्या रात्री खोकं उघडलं, तर पाचहीवर ती ओळ छापलेली. दुकानाच्या सोयीत बंद करण्याचं बटण फक्त पडद्यापुरतं होतं. छपाईची फाइल मूळ साच्यावरून तयार होत होती आणि त्या साच्यात ओळ चालूच होती.

ती पाच स्मृतिचिन्हं आम्ही दिली नाहीत. साध्या फ्रेममध्ये त्या मित्रांचे जुने फोटो लावून दिले. दुकानाने पैसे परत केले, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते खोकं कोणी न तपासता सकाळी मंचावर नेलं असतं तर काय झालं असतं, एवढा विचार करा. पैसे परत करून ते भरून निघालं नसतं. तांत्रिक भाषेत याचं वर्णन "लेयरची स्थिती निर्यातीत पोहोचली नाही" एवढंच होईल. ज्याच्या हातात ती वस्तू पडते त्याच्यासाठी मात्र त्याचा अर्थ वेगळा असतो.

म्हणून पहिला नियम: ग्राहकाने मंजूर केलेलं चित्र आणि मशीनकडे जाणारी फाइल एकाच नोंदीतून तयार झाली पाहिजे. एक ब्राउझरमधून आणि दुसरी साच्यामधून, असं नको. शक्य असेल तर उलट करा. आधी छपाईची फाइल बनवा, तिचंच चित्र काढा आणि ते ग्राहकाला दाखवा. मग तो जे पाहतो तेच छापलं जातं.

दुसरा मुद्दा लपवण्याच्या पद्धतीचा. ज्यांची स्वतःची वेबसाइट आहे त्यांनी आपल्या प्रोग्रामरला हे विचारावं. ब्राउझरमध्ये एखादी गोष्ट न दिसण्याच्या निदान तीन तऱ्हा आहेत. डिस्प्ले नन केलं की ती गोष्ट मांडणीतूनच जाते, जागाही सोडते. व्हिजिबिलिटी हिडन केलं की ती दिसत नाही, पण तिची जागा रिकामी राहते. ओपॅसिटी शून्य केली की ती पूर्ण पारदर्शक होते, पण तिथेच असते आणि बोटाचा स्पर्शही घेते. ग्राहक नावावर बोट लावतो आणि काही होत नाही, कारण नावाच्या वर एक पारदर्शक लेयर पडलेला असतो. त्याला वाटतं मोबाइल बिघडला. तो दुसऱ्या दुकानात जातो आणि आपल्याला कळतही नाही.

तसंच "आवश्यक" ठरवलेल्या रकान्याचं. समजा दुसऱ्या नावाचा रकाना आवश्यक आहे, आणि ग्राहकाने एकाच नावाची पाटी निवडल्यावर तो रकाना लपला. ब्राउझर म्हणतो, रकाना भरल्याशिवाय पुढे जाऊ देणार नाही; पण रकाना दिसतच नाही, तर भरणार कुठे? ऑर्डरचं बटण दाबत राहावं, हाती काही लागत नाही. लेयर लपला की त्याची सक्तीही उठली पाहिजे. आणि त्याची किंमतही. सोनेरी अक्षरांचे जादा पैसे लावले असतील आणि ग्राहकाने सोनेरी लेयर बंद केला, तर बिलातून ते पैसे गेले का, हे तपासा. न छापलेल्या सोन्याचे पैसे घेतले गेले तर ग्राहक त्याला तांत्रिक चूक म्हणणार नाही. तो सरळ लबाडी म्हणेल.

आता अटींवर दिसणाऱ्या लेयरकडे येऊ. खरी कसोटी इथे आहे. दोन नावांच्या पाटीत मध्ये "आणि" असतो. दुसरं नाव रिकामं असेल तर "आणि" लपला पाहिजे, नाहीतर पाटीवर नाव आणि त्याखाली अधांतरी "आणि" राहतो. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असलेला मग घ्या. सब्लिमेशनच्या छपाईत सहसा पांढरी शाई नसतेच. डिझाइनमधला पांढरा भाग म्हणजे मगचा स्वतःचा पांढरेपणा. ग्राहकाने पार्श्वभूमी बंद केली की पांढऱ्या मगवर पांढरं नाव, म्हणजे कोरा मग. पार्श्वभूमीचा लेयर गेला तर अक्षरांचा रंग बदलला पाहिजे, किंवा पार्श्वभूमी बंद करण्याची मुभाच नको. लेयर एकमेकांवर अवलंबून असतात, हे आधी कागदावर मांडावं लागतं.

नावाआधीच्या उपाधीबद्दल माझं मत ठाम आहे. "श्री.", "सौ.", "श्रीमती", "कु." यांतली कोणतीही उपाधी साच्यात आधीपासून चालू नसावी. एकटी राहणारी बाई स्वतःच्या घराची पाटी करायला बसते आणि समोर आधीच "सौ." लिहिलेलं येतं. तिला ते आधी पुसावं लागतं. पुसताना तिच्या मनात काय येत असेल याचा विचार साचा बनवणाऱ्याने करावा. माणसाबद्दल काही सांगणारा प्रत्येक लेयर सुरुवातीला बंद ठेवा आणि ज्याचा त्याला चालू करू द्या.

मराठीचा प्रश्न वेगळाच आहे आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना तो जास्त भेडसावतो, कारण तिथल्या दुकानातला कारागीर मराठी वाचत असेलच असं नाही. त्याला चूक दिसणार नाही. बरेच साचे एकाच रकान्यात इंग्रजी आणि देवनागरी दोन्ही घेतात. तसं करू नका. देवनागरीचा लेयर वेगळा ठेवा, रोमनचा वेगळा, आणि ग्राहक जी लिपी निवडेल तो चालू करा. कारण देवनागरीला वर वेलांटीसाठी आणि खाली उकारासाठी जागा लागते. रोमन अक्षरांच्या मापाने बनवलेल्या चौकटीत रफार आणि उकार कापले जातात.

दुसरं असं की ब्राउझर जोडाक्षरं नीट जुळवतो, पण छपाईची फाइल बनवणारं सॉफ्टवेअर जुळवेलच असं नाही. मग "किरण" मधली वेलांटी अक्षराच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसते आणि "श्री" चे दोन तुकडे होतात. मी सगळ्यांना चार शब्द छापून बघायला सांगतो: त्र्यंबक, हृषीकेश, कऱ्हाडे आणि ॲड. पहिल्यात तिहेरी जोडाक्षर, दुसऱ्यात ऋकार, तिसऱ्यात आपला खास मराठी अर्धा र, आणि चौथ्यात तो चंद्र असलेला अ, जो जुन्या फॉन्टमध्ये नसतो. वकिलांच्या पाट्या करणाऱ्यांना चौथा शब्द चांगलाच माहीत असेल. हे चार शब्द पडद्यावर, छपाईच्या फाइलमध्ये आणि प्रत्यक्ष वस्तूवर सारखे आले, तर देवनागरीच्या लेयरवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

ग्राहक लिपी बदलून बघतो, परत पहिलीवर येतो. त्याने लिहिलेलं पुसू नका. लपलेल्या लेयरमधलं नाव ऑर्डर पूर्ण होईपर्यंत सांभाळा, म्हणजे त्याला पुन्हा टाइप करावं लागणार नाही. पण ऑर्डर पक्की झाली की जो लेयर निवडला तोच छपाईच्या फाइलमध्ये जाऊ द्या.

आता फाइलबद्दल. बरेच जण पीडीएफ पाठवतात आणि निश्चिंत होतात. २००३ मध्ये आलेल्या पीडीएफ १.५ पासून पीडीएफमध्येही लेयर ठेवता येतात, आणि एखादा लेयर पडद्यावर बंद पण छपाईत चालू, असंही ठरवता येतं. त्यामुळे "मी उघडून बघितलं, दिसत नव्हतं" या वाक्याला फारसा अर्थ नाही. छापखान्याचं सॉफ्टवेअर तीच फाइल वेगळ्या तऱ्हेने वाचू शकतं. उपाय सोपा आहे. जे छापायचं नाही ते शेवटच्या फाइलमधून काढून टाका. लपवू नका, काढा. अक्षरांना कर्व्हमध्ये बदला, म्हणजे समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी फरक पडणार नाही. मूळ फाइल मात्र लेयरसकट वेगळी जपून ठेवा, कारण कर्व्ह केलेलं नाव पुन्हा टाइप करून सुधारता येत नाही.

लपवलेला लेयर फाइलमध्ये राहिला तर दुसराही धोका आहे, आणि तो जास्त गंभीर आहे. घाईच्या दिवसांत साचा नव्याने बनवायला वेळ नसतो. मग मागच्या ग्राहकाची फाइल उघडायची, त्याचा फोटो लपवायचा, नवा फोटो वर ठेवायचा. ही फाइल पुढे दुसऱ्या डिझाइनरकडे जाते, कधी ग्राहकच "ओपन फाइल द्या" म्हणतो. आत कुठल्यातरी कुटुंबाचा लग्नाचा फोटो, लहान मुलाचं नाव आणि जन्मतारीख, एखाद्या जवानाच्या युनिटचं नाव आणि ठिकाण, सगळं बसलेलं असतं. नुसता डोळा उघडला की समोर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभा हाच आहे की माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी आणि गरज संपली की पुसावी. सैन्यात आम्ही म्हणायचो, ज्याला जेवढं कळण्याची गरज आहे तेवढंच त्याला कळावं. छापणाऱ्याला डिझाइन लागतं, पत्ता लागत नाही. पॅकिंग करणाऱ्याला पत्ता लागतो, फोटोची मूळ फाइल लागत नाही. दोघांना वेगवेगळं दिसेल अशी व्यवस्था करा. प्रत्येक नवी ऑर्डर कोऱ्या साच्यावरून सुरू करा, मागच्या ग्राहकाच्या फाइलवरून कधीही नाही.

चिन्हांबद्दलही सांगितलं पाहिजे, कारण माजी सैनिकांच्या पाट्यांवर ही मागणी हमखास येते. भारताच्या राजचिन्हाच्या अयोग्य वापराला मनाई करणारा २००५ चा कायदा आहे. त्याआधीचा १९५० चा चिन्हं आणि नावं यांबाबतचा कायदाही आहे. सिंहमुद्रा ही सजावटीची वस्तू नाही. तयार साच्यांत अशी चिन्हं लपवलेल्या लेयरमध्येही ठेवू नका. आज लपवलेली आहेत, उद्या कोणीतरी डोळा उघडेल. आणि ग्राहकाने स्वतः टाकलेलं चित्र माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय मशीनकडे जाऊ देऊ नका.

काही जण म्हणतात, "नाव छापलेली वस्तू आहे, परत घेणार नाही, असं आम्ही आधीच लिहिलेलं आहे." ग्राहकाने स्वतः नाव चुकीचं लिहिलं असेल तर तुमचं म्हणणं रास्त आहे. पण २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांनुसार, वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे अथवा ठरल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. पडद्यावर दाखवलेलं चित्र म्हणजे तुम्ही दिलेला शब्द. पडद्यावर नसलेली ओळ वस्तूवर आली, तर वस्तू ठरल्याप्रमाणे नाही, मग खाली बारीक अक्षरांत काहीही लिहिलेलं असो.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. याला पैसे लागत नाहीत, एक वही लागते.

प्रत्येक साच्यासाठी वहीत एक पान घ्या. पाच रकाने आखा. लेयरचं नाव, कोणाला दिसतो, कोण बदलू शकतो, कोणत्या अटीवर चालू होतो, मशीनकडे जातो का. "लेयर ४ कॉपी २" अशी नावं ठेवू नका. "पांढरी शाई, पुसू नये", "कडेची रेघ, छापू नये", असं सरळ लिहा. दोन वर्षांनी नवा मुलगा कामावर येईल, त्याला विचारावं न लागता कळलं पाहिजे. पान भरताना एखाद्या लेयरचं उत्तर लिहिता आलं नाही, तर तो लेयर साच्यात कशाला आहे हा प्रश्न विचारा. बऱ्याचदा तो काढूनच टाकावा लागतो.

ग्राहकासमोर कमीत कमी ठेवा. मोबाइलच्या पडद्यावर बारा लेयरची यादी दाखवणं म्हणजे स्वातंत्र्य देणं नव्हे, गोंधळ देणं आहे. नाव, फोटो, लिपी, रंग एवढं पुष्कळ झालं. बाकीचं कुलूपबंद.

साचा दुकानात लावण्याआधी पाच खोट्या ऑर्डरी द्या. पहिली, सगळे रकाने रिकामे. दुसरी, सगळे भरलेले. तिसरी, शक्य तितकं लांब नाव. चौथी, प्रत्येक पर्याय चालू करून पुन्हा बंद केलेला. पाचवी, ते चार मराठी शब्द. पडद्यावर बघून थांबू नका, प्रत्येकीची छपाईची फाइल उघडा आणि निदान एक वस्तू खरोखर छापून बघा. चौथ्या ऑर्डरीत सगळ्यात जास्त दोष सापडतात, असा माझा अनुभव आहे. आमच्या संमेलनाची ती ओळही त्या दुकानाला चौथ्या ऑर्डरीत सापडली असती.

तुम्ही तयार सोय भाड्याने घेतली असेल आणि तिच्यात दिसणं आणि छापणं वेगळं करता येत नसेल, तर लपवण्याच्या भानगडीतच पडू नका. दोन स्वतंत्र साचे बनवा. एक शुभेच्छांच्या ओळीचा, एक त्या ओळीशिवायचा. दुकानात दोन वस्तू म्हणून लावा. दिसायला हे मागासलेलं वाटेल, यादी थोडी लांबेल. पण ज्या साच्यात ओळच नाही, त्यातून ती छापली जाणार नाही. साधी व्यवस्था, जी रात्री दोन वाजता दमलेल्या माणसाकडूनही बरोबर चालते, ती हुशार व्यवस्थेपेक्षा बरी.

आणि शेवटची पायरी माणसाची. मंजूर झालेल्या चित्राला क्रमांक द्या, त्यानंतर कोणालाही त्यात बदल करू देऊ नका, आणि वस्तू खोक्यात जाण्याआधी ते चित्र व ती वस्तू शेजारी ठेवून एकाने बघावं. अर्धा मिनिट लागतं. ज्याने डिझाइन केलं त्याने नव्हे, दुसऱ्याने. आपण स्वतः केलेल्या कामात आपल्याला जे हवं तेच दिसतं.

या आठवड्यात तुमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या साच्याची फाइल उघडा आणि सगळे मिटलेले डोळे एकदा उघडा. आत काय काय निघतं ते बघा. मग वही घ्या आणि पहिलं पान लिहायला बसा.

 जय हिंद.